परत न केलेलं भांडं

एमेट टुली गेल्याची बातमी नाटकवाल्यांना कळली तेव्हा त्यांची तालीम चालू होती, आणि बातमी कळल्यावरही ती थांबली नाही.

बातमी सांगायला एमेटचा जोडीदार रोलंड स्वतः गेला होता. तालमीत फोन बंद ठेवायचा असा त्यांचा दंडक, त्यामुळे इस्पितळातून केलेले सगळे फोन वाया गेले होते. नर्सने एमेटचे बूट, चष्मा आणि स्वेटर एका पिशवीत भरून दिले होते. ती पिशवी हातात घेऊनच रोलंड मोज्यांच्या जुन्या कारखान्याचे जिने चढला. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं नाट्यगृह. मिलवॉकीतल्या गे आणि लेस्बियन लेखकांच्या नव्या एकांकिका दर जूनमध्ये तिथे होत. एका संध्याकाळी आठ नाटकं, प्रत्येकी दहा मिनिटांची.

रोलंड दारात पोचला तेव्हा रंगमंचावर एमेटचंच नाटक चालू होतं. ऑर्विल नावाचा म्हातारा नट एमेटची वाक्यं बोलत होता. दिग्दर्शक मार्गो फायफरने मान वळवली, आधी रोलंडकडे पाहिलं, मग पिशवीकडे. बुटांचं टोक पिशवीतून बाहेर आलं होतं. तिला सांगावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली, ओंजळीत तोंड घालून रडली, मग बाहीने डोळे पुसून उभी राहिली.

"पुढे चला," ती म्हणाली. "एमेट असता तर त्याने थांबू दिलं नसतं."

ऑर्विलला आवाज फुटेना. मार्गोने त्याला पाणी दिलं आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायला लावलं.

रोलंडने आयुष्यभर शहराची बस चालवली होती. रस्त्यावरून अंत्ययात्रा निघाली की बससुद्धा कडेला घेऊन थांबवायची, हे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. इथे कोणी थांबलं नाही. तो पिशवी घेऊन जिना उतरला, आणि त्याच्या डोक्यात जो राग शिरला तो पुढे उतरलाच नाही.

"एमेट असता तर" हे त्या महिन्यात त्याने ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं. एमेट असता तर त्याला पांढरी फुलं आवडली असती. एमेट असता तर त्याला पाद्री चालला असता. एमेट असता तर तो म्हणाला असता, रोलंड, काही खा. माणूस मेल्यावर त्याच्या मनातलं सगळ्या गावाला कळायला लागतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशातली गत. चौतीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या रोलंडला मात्र एमेटच्या मनातलं निम्मं कधी कळलं नव्हतं. एक गोष्ट तेवढी पक्की माहीत होती, आणि ते नाटक त्याच गोष्टीचं होतं.

एमेटला कॅन्सर झाल्याचं जानेवारीत सगळ्यांना कळलं. त्याच आठवड्यात त्यांच्या दारात, बर्फावर, फॉईलने झाकलेलं काचेचं भांडं येऊन पडलं. आत चीज घालून भाजलेले बटाटे होते. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर "व्हर्ना टुली". व्हर्ना म्हणजे एमेटच्या थोरल्या भावाची, क्लेटनची, बायको. शेजारपाजारी, चर्चमध्ये, मयताच्या घरी असं भांडं पाठवायची तिकडची रीत, आणि बुडावर नाव अशासाठी की भांडं परत यावं.

क्लेटनशी एमेट कित्येक वर्षं बोलला नव्हता. आईच्या अंत्यविधीला क्लेटन चर्चच्या दारात आडवा उभा राहिला होता. "तू आत ये. हा बाहेर थांबेल," तो रोलंडकडे न बघता एमेटला म्हणाला होता. एमेटही आत गेला नाही. दोघं गाडीत बसून राहिले, आणि आतल्या लोकांचं गाणं काचेतून ऐकत राहिले.

आता तोच क्लेटन, बटाटे पाठवून, फेब्रुवारीत भांडं परत न्यायच्या निमित्ताने दाराशी आला. दार वाजवू लागला.

"एम! मी आहे. व्हर्नाचं भांडं न्यायला आलोय."

एमेट कोचावर पांघरूण घेऊन बसला होता. रोलंड दाराशी गेला, त्याने कडीवर हात ठेवला.

"उघडू नकोस," एमेट म्हणाला.

"अरे, बाहेर थंडी किती आहे. म्हातारा माणूस."

"आपण गाडीत बसलो होतो तेव्हाही थंडीच होती."

"एम, तुझं म्हणजे…"

"रोली. कडी सोड."

रोलंडने कडी सोडली. त्याच्या हातात असतं तर त्याने दार उघडलं असतं. पण भाऊ एमेटचा होता, आणि 'नाही'ही एमेटचं होतं. बाहेर क्लेटन बराच वेळ वाजवत राहिला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याच आठवड्यात, औषध हातात टोचून घेत खुर्चीत बसल्या बसल्या, एमेटने नाटक लिहिलं. नाव ठेवलं 'भांडं'. आजारी माणूस आत, भाऊ बाहेर, मध्ये दार. भाऊ भांडं मागतो, आतला देत नाही. दहा मिनिटं दोघं भांड्यावरून वाद घालतात, आणि लोकांनी पोट धरून हसावं असं एमेटने लिहिलं होतं. रोलंड ओट्याशी भांडी विसळत भावाची वाक्यं वाचायचा आणि एमेट टेबलापाशी बसून दुसरी बाजू बोलायचा. दर वर्षी असंच चाले. रोलंड लाकूड तोडल्यासारखा वाचायचा, आणि एमेट म्हणायचा, "वा! तुझ्याइतका वाईट नट अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये नाही. म्हणूनच चूक कुठे आहे ते मला लगेच कळतं."

शेवटी आजारी माणूस दाराला टेकून म्हणतो, "भांडं रिकामं परत करायचं नसतं, आईने शिकवलंय. आणि तुला द्यायला माझ्याकडे काही नाही." मग अंधार. अंधारात दार वाजत राहतं.

एमेटची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. शेवट तो शेवटच्या आठवड्यात बदलायचा, आणि दर वेळी आधीपेक्षा मऊ करायचा. मरणारा माणूस जगायचा, जाणारी बाई परत यायची. पण या खेपेला त्याने मार्गोला फोनवर सांगितलं, आणि पलंगाशेजारी बसलेल्या रोलंडने ते ऐकलं.

"यात एक शब्द बदलायचा नाही, मार्गो."

"नाही रे राजा, एक शब्द बदलणार नाही," मार्गोचा खणखणीत आवाज फोनमधून बाहेर आला होता.

जूनमधल्या पहिल्या शुक्रवारी प्रयोग होता. रस्त्याने दुकानांच्या काचांत सप्तरंगी झेंडे लागले होते. रोलंडने एमेटचा स्वेटर घातला. उन्हाळ्यात तो टोचत होता, तरी घातला. तो वर पोचला आणि शेवटच्या रांगेत कडेला बसला. लेखकांनी तिथेच बसायचं असतं. मग त्याला दुसऱ्या रांगेत क्लेटन दिसला. शेजारी व्हर्ना, केस नुकतेच बसवून घेतलेले. दोघांच्या मांडीवर कागद होता, आणि त्यावर एमेटचा फोटो छापलेला, खाली 'प्रेमळ स्मृतीस'. एमेट प्रेमळ होता, पण हा शब्द स्वतःबद्दल ऐकला असता तर त्याने शिंकल्याचं नाटक केलं असतं.

पहिली नाटकं झाली. एकात दोन नवऱ्या मुली लग्नाला मांजर न्यायचं की नाही यावरून भांडल्या. एका तरुणाच्या नाटकात कोणी काहीच बोलत नव्हतं, लोक फक्त फोनकडे बघत होते. रोलंडला त्यातलं काही कळलं नाही. मग दिवे लागले आणि रंगमंचाच्या मधोमध एक चौकट आणि दार दिसलं.

ऑर्विल झकास करत होता. पांघरूण ओढण्याची एमेटची लकबसुद्धा त्याने उचलली होती. लोक हसत होते. "भांडं म्हणजे काय तुझी किडनी आहे का, परत मागायला?" या वाक्याला टाळी पडली. रोलंडही हसला, खूप दिवसांनी. ओठांतल्या ओठांत तो भावाची वाक्यं म्हणत होता.

ऑर्विल दाराला टेकला. "भांडं रिकामं परत करायचं नसतं, आईने शिकवलंय. आणि तुला द्यायला माझ्याकडे काही नाही."

आता अंधार व्हायला हवा होता. अंधार झाला नाही. ऑर्विलने कडी काढली आणि दार उघडलं. भाऊ आत आला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि दिवे हळूहळू, गोड गोड, मंद होत गेले.

साऱ्या नाट्यगृहातून एक सुस्कारा निघाला. नाकं ओढल्याचे आवाज आले. दुसऱ्या रांगेत क्लेटनने रुमाल काढला आणि व्हर्नाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. रोलंडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची नाटकं त्याने पाहिली नाहीत. तो उठून विंगेत गेला. मार्गो तिथे अंधारात उभी होती.

"दार कोणी उघडलं?"

"हळू बोल."

"दार कोणी उघडलं, मार्गो?"

"एक शब्द बदललेला नाही मी. संहिता काढून बघ. शब्द न् शब्द तोच आहे."

"तू वकील कधीपासून झालीस?"

"रोली, तुला त्याची सवय माहीत नाही का? एमेट असता तर शेवटच्या आठवड्यात त्यानेच…"

"एमेट असता!" रोलंडचा आवाज चढला. रंगमंचावरच्या नटीने क्षणभर इकडे पाहिलं. "एमेट होता! तालमी सुरू झाल्यावर महिनाभर होता, त्याच्याकडे फोन होता. विचारायचं होतंस. उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारलं नाहीस."

 मार्गोने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"चर्चा सुरू होईल आता. तू लेखकाच्या खुर्चीत बस. नंतर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन."

या चर्चेचीही एक रीत होती, आणि ती एमेटनेच पाडलेली. प्रयोगानंतर लेखकांनी रंगमंचावर खुर्च्या मांडून बसायचं, आणि लोक काय वाट्टेल ते बोलले तरी चकार शब्द काढायचा नाही. लेखकाने समजावायला सुरुवात केली की नाटक मेलं, असं एमेट म्हणे. स्वतः तो गोळी चघळत बसायचा, म्हणजे तोंड बंद राहील.

"मी नाही बसणार."

"मग क्लेटन बसेल. घरच्यांच्या वतीने बसू का, असं विचारलंय त्याने. सांगू त्याला हो?"

रोलंड जाऊन खुर्चीत बसला. बाजूला इतर सात जण होते, आणि मागे सरकवलेलं ते दार तसंच उभं होतं, उघडं.

लोक बोलू लागले. मांजराबद्दल बोलले. फोनवाल्या तरुणाला एका बाईंनी विचारलं, तुमची पात्रं जेवत नाहीत का? तो बिचारा गोळी चघळत राहिला. मग एमेटच्या नाटकाची पाळी आली. शेवट किती मोठ्या मनाचा आहे, असं एक जण म्हणाला. मरताना माणसाचा राग कसा गळून पडतो, असं दुसरी म्हणाली. रोलंड मिठाची गुळणी धरल्यासारखा बसला होता. स्वेटरच्या आत त्याला घाम फुटला होता.

क्लेटन उभा राहिला.

"मी एमचा भाऊ," तो म्हणाला.  "नाटकातला तो बाहेरचा माणूस, तो मीच. मी खरंच गेलो होतो. दार वाजवून वाजवून परत आलो. तेव्हापासून झोप नव्हती मला. आज कळलं की मनातून त्याने दार उघडलं होतं. त्याने मला माफ केलं. एवढंच सांगायचं होतं. थँक यू."

कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रोलंडने तोंडातली गोळी काढून हातात धरली.

"नाही," तो म्हणाला.

"रोलंड," मार्गो बाजूने कुजबुजली, "खुर्ची."

"खुर्ची लेखकाची आहे. मी लेखक नाही, मी बस चालवायचो. त्याने दार उघडलं नाही. मी तिथे होतो. कडीवर माझा हात होता, आणि तो म्हणाला कडी सोड. मनातून नाही आणि हातानेही नाही. त्याने लिहिलं तेव्हाही उघडलं नाही. हे यांनी उघडलंय, तो मेल्यावर."

 रोलंड उठला, चौकटीतून पलीकडे गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. नेपथ्यातलं हलकं दार ते, आदळलं तेव्हा चौकट हलली. त्याने कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला. आता क्लेटन येईल, दार वाजवेल असं त्याला वाटलं. वाजवलं असतं तर काय केलं असतं, ते त्याला माहीत नव्हतं.

कोणी दार वाजवलं नाही. आधी एक टाळी आली. मग दुसरी. मग सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. कोणी शिट्टी मारली. "वा!" असं कोणी ओरडलं. त्यांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे, नाटकाचाच पुढचा भाग आहे. दाराआड रोलंड उभा होता, आणि त्याला त्या प्रत्येक टाळीची एक एक थोबाडीत परत द्यावीशी वाटत होती.

लोक पांगल्यावर मार्गो मागे आली. खाली, जमिनीवर बसली. ती आता म्हातारी दिसत होती.

"उद्यापासून दार बंद ठेवते."

"उद्या ठेवून काय उपयोग? ज्याच्यासाठी बंद करायचं तो आज आला होता."

"मी इस्पितळात आले नाही, रोली." ती बुटाच्या नाडीशी खेळत होती. "तालीम, तालीम करत राहिले. तुला वाटतं मी दार क्लेटनसाठी उघडलं?"

"तुझ्यासाठी उघडलंस. तेवढं कळतं मला."

"मग?"

"मग काय? तो तुझ्यावर रागावला नव्हता. तुझी वाट बघत होता. रोज विचारायचा, मार्गो आली का. तुझ्यासाठी आमच्या घराचं दार सताड उघडं होतं, बाई! त्यात तू आली नाहीस. आणि जे त्याने बंद ठेवलं तेच तुला उघडायला सापडलं?"

मार्गो रडू लागली. रोलंडने तिला रडू दिलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

खाली, वाहनतळावर, क्लेटन गाडीला टेकून उभा होता. व्हर्ना आत बसली होती आणि समोरच्या काचेकडे बघत होती. अजून उजेड होता. सरोवराकडून वारा येत होता.

"छान केलंत तुम्ही," क्लेटन म्हणाला. "शेवटी ते दार वगैरे. मला कल्पना नव्हती तुम्हीही नट आहात."

"मी नट नाही. मी खरं सांगत होतो."

क्लेटनने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने रोलंडच्या तोंडाकडे पाहिलं ते त्याच वेळी.

"म्हणजे त्याने…"

"त्याने उघडलं नाही. तुम्ही चर्चच्या दारात उभे होता, आठवतं? ते त्याला शेवटपर्यंत आठवत होतं."

"मग खरा शेवट काय आहे?"

"अंधार होतो. तुम्ही वाजवत राहता."

 गाडीच्या टपावर क्लेटन बोटांनी ठकठक करत होता, ते लक्षात आल्यावर त्याने हात खिशात घातला. "मी आईसाठी केलं होतं ते," तो म्हणाला. "आईला तुम्ही चालला नसता."

"तुमच्या आईच्या मनातलंही तुम्हालाच ठाऊक. ती तर तेव्हा शवपेटीत होती."

व्हर्नाने काच खाली केली. "क्लेट, चल." मग रोलंडकडे बघून, अगदी साध्या आवाजात, ती म्हणाली, "ते भांडं माझ्या सासूबाईंचं आहे. मिळालं तर बरं होईल. आमच्याकडे त्यांचं तेवढंच आहे."

रोलंडला हे माहीत नव्हतं. एमेटला माहीत असणार. एमेटने त्या भांड्यातलं अन्न बोटभरही चाखलं नव्हतं, पण भांडं स्वतः धुतलं होतं, सुई टोचलेल्या हाताने, आणि कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता.

"धुऊन ठेवलंय," रोलंड म्हणाला.

"मग मी कधी येऊ?" क्लेटनने विचारलं.

 रोलंड चालू लागला.

शनिवारी आणि पुढच्या प्रयोगांना मार्गोने दार बंद ठेवलं, असं ऑर्विलने फोन करून सांगितलं. अंधारात वाजवणं इतकं लांबवलं की लोक अस्वस्थ होऊन खुर्च्यांत हलू लागले, असंही म्हणाला. रोलंड बघायला गेला नाही. मार्गोला त्याने अजून फोन केलेला नाही. क्लेटनने जुलैत दोनदा निरोप ठेवला, दोन्ही वेळा भांड्याबद्दलच.

भांडं ओट्यावर आहे. रिकामं द्यायचं नाही, आणि त्यात घालण्यासारखं रोलंडला काही सुचलेलं नाही. ते परत करायचं राहिलं आहे.